कुसळांची घोंगडी

आमच्या कातरवाडीसारखं शहाणं गाव साऱ्या तालुक्यात सापडायचं नाही. आजूबाजूचे डोंगर दर शिमग्याच्या तोंडाला काळेठिक्कर पडतात, आमचा तेवढा पिवळाधमक उभा असतो, आणि हे सगळं आमच्या गावकीच्या दूरदृष्टीमुळं. आता दूरदृष्टी म्हणजे काय, तर सरपंचाच्या पाठीला खाज सुटेल ह्या भीतीला आम्ही दूरदृष्टी म्हणतो. ती भीती काढून घ्या, मग आमच्याइतकं आळशी गावही तालुक्यात सापडायचं नाही.

पाहुणा एस्टीतून उतरला की त्याला पहिल्यांदा दिसतो तो डोंगराच्या पोटावरून आडवा गेलेला तांबड्या मातीचा पट्टा. डोंगराच्या कमरेला करदोटा बांधावा तसा. आमच्या ओढ्यापासून निघतो, खिंडीच्या खालून जातो आणि पलीकडं शेवरगावच्या अंगाला उतरतो. दुरून वाटतं, रस्ता आहे. शहरातली पोरं पाठीला बोचकी लावून येतात आणि विचारतात, "काका, ही वाट कुठं जाते?" आम्ही म्हणतो, "चालून बघा." बिचारी ऊन खात चालतात आणि शेवटी शेवरगावच्या उकिरड्यात उतरतात. मग कुणी आमच्याशी बोलत नाही. वनखात्याचे साहेबही येऊन गेले. त्यांनी नकाशा पसरला, पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ह्याला जाळरेषा म्हणतात. आम्ही म्हटलं, म्हणा की. आमच्यात तिला धुरपाची वाट म्हणतात. माणसानं कुठं जावं म्हणून ती काढलेली नाही. आगीनं कुठं जाऊ नये म्हणून काढलेली आहे.

ती वाट कशी झाली, ते असं सांगतात.

तेव्हा ना सरपंच होता, ना पंचायत. कातरवाडीला हैबती पाटील होता आणि शेवरगावला सुभाना पाटील. दोघांच्या मिशा सारख्याच, दोघांचा आवाज सारखाच, आणि दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही तेही सारखंच. दोन गावांच्या मध्ये, खिंडीच्या पायथ्याला, खिंडाईचं ठाणं. होळी दोन्ही गावांची मिळून तिथंच पेटायची. आदल्या साली होळीला पहिला पलिता कुणी लावायचा, ह्यावरून दोघांची जुंपली. हैबतीनं सुभानाचा पलिता हाणून पाडला, सुभानानं हैबतीचं मुंडासं. देवीच्या समोर, साऱ्या बायकांच्या देखत. देवीनं डोळे मिटून घेतले म्हणतात. आमच्या देवीचे डोळे तसेच आहेत, अर्धे मिटलेले. मूर्ती घडवणाऱ्याला विचारलं तर तो वेगळं कारण सांगेल, पण त्याला कोण विचारतंय.

त्या भांडणापायी दोघांनी डोंगरावर आपापल्या हद्दीचा धोंडा रोवला. पण हैबतीनं रोवला तो सुभानाच्या बाजूला सरकवून, आणि सुभानानं रोवला तो हैबतीच्या बाजूला सरकवून. असं होऊन दोन धोंड्यांच्या मध्ये, बरोबर खिंडीच्या खाली, एक तुकडा राहिला. हद्दीचं बोलणं निघालं की तो तुकडा दोघांचा. कामाचं बोलणं निघालं की तो तुकडा समोरच्याचा.

काम म्हणजे वणव्याचा पट्टा. माघ लागला की दोन्ही गावांनी डोंगराच्या पोटावरचं गवत आडवं कापत जायचं, कापलेलं गोळा करायचं आणि वारा पडलेला बघून त्या पट्ट्यातलं उरलंसुरलं आपल्या हातानं जाळायचं. निरगुडीचे ओले फाटे घेऊन माणसं दोन्ही काठांना उभी राहायची. एक ठिणगी बाहेर गेली की झोडपायची. वरून वणवा आला तर त्याला पट्ट्यात खायला काही मिळू नये, तो तिथंच उपाशी मरावा. रीत जुनी, नामी. त्या साली दोन्ही गावांनी पट्टा काढला, आणि खरं सांगायचं तर चोख काढला. मात्र हैबतीची माणसं सुभानाच्या धोंड्यापाशी येऊन थांबली आणि सुभानाची माणसं हैबतीच्या. मधला तुकडा कमरेएवढ्या कुसळी गवतानं डुलत राहिला.

आधीच्या सालांत हा तुकडा कसा मोकळा राहायचा, ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. तो धुरपाची मेंढरं खायची.

धुरपा धनगरीण. तिचा नवरा बिरू दिवाळी झाली की मोठा कळप घेऊन कोकणात उतरायचा, भाताच्या खाचरांत मेंढरं बसवायला. धुरपा मागं राहायची. खिंडीच्या खाली, देवीच्या माळाच्या वरच्या अंगाला तिचा मेंढवाडा. गाभण मेंढ्या, कालपरवाची कोकरं, रंग्या नावाचा कुत्रा आणि ती. कोकरांना जाळीच्या कुंपणात कोंडायचं, मेंढ्या वर चरायला न्यायच्या, चालता चालता हातातल्या चातीवर लोकर कातायची. तिच्या मेंढ्या त्या तुकड्यातलं गवत खायच्या, कारण ते तोंडासमोर होतं. त्यात कुणाचं भलं करायचं तिच्या मनात नव्हतं, मेंढ्यांच्या तर नव्हतंच. पण त्या साली दोन्ही पाटलांनी तिला वेगवेगळं बोलावून एकच गोष्ट बजावली. माझ्या तुकड्यात मेंढरू दिसलं तर तंगडी मोडीन. दोन मालकांच्या जमिनीत पाय कसा टाकावा? धुरपानं मेंढ्या दुसरीकडं वळवल्या.

माघ सरता सरता एक मेंढी त्या तुकड्यात शिरली. धुरपा तिला काढायला आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिची घोंगडी ओळखू येईना. काळी घोंगडी, कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या जावळाची, तिनं स्वतः कातलेली आणि सणगराकडून विणून आणलेली. तिच्यावर तसूभर जागा मोकळी नव्हती, इतकी कुसळं. सुकलेली, सळसळणारी, टोकदार. धुरपानं ती घोंगडी तशीच खांद्यावर टाकली आणि तडक कातरवाडी गाठली.

हैबती पाटील ओसरीवर अंगाला तेल चोळून घेत बसला होता.

"पाटील, ह्ये बघा," धुरपा म्हणाली. "एवढं गवात हाय त्या तुकड्यात. वरनं आग आली तर सरळ माज्या वाड्यावर येतीया. माणसं लावून कापून टाका."

पाटलानं घोंगडीकडं बघितलंही नाही. "तो तुकडा सुभान्याचा हाय पट्ट्यापुरता. त्याला सांग."

"तुमी तर म्हणालासा, तुमचा हाय."

"माजाच हाय! पण कापायचा त्यानं. आन घोंगडी झटक की बये, वसरीवर कुसळं पडत्यात माज्या."

धुरपा तशीच शेवरगावला गेली. सुभाना पाटील बैलांच्या शिंगांना रंग लावत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कारण त्याला हैबतीची चूक ऐकायला गोड वाटत होती.

"मंजे हैबत्यानं कापलं न्हाई तर," तो म्हणाला.

"तुमीबी न्हाई कापलं."

"अगं, मी कशाला कापू? आज कापलं तर उद्या म्हणंल, तुजाच व्हता म्हणून कापलास. आन केवढासा तुकडा त्यो. दोन बैलगाड्या जातील एवढी जागा. तेवढ्यानं काय हुतंय? जा, घोंगडी झटक आन घरला जा."

असं सांगतात की धुरपा माघारी आली तेव्हा रागानं तिचे कान तापले होते. तिनं वाड्यातला विळा उचलला आणि त्या तुकड्यापर्यंत गेली. खाली वाकलीही. पहिली मूठ धरली. आणि मग सोडून दिली. दोन गावच्या दोन पाटलांचं काम मी एकटीनं का करू, असं तिच्या मनानं घेतलं. हे तिनं पुढं स्वतःच सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना, आणि सांगताना दरवेळी आपल्याच कपाळावर हात मारला. विळा तिनं खोपटात खोचला. घोंगडी मात्र झटकली नाही. ज्यांनी झटकायला सांगितलं त्यांच्याच अंगावर झटकीन, असं म्हणत तिनं ती जशीच्या तशी वळणीवर टाकली.

फाल्गुन लागला. होळी तोंडावर आली. एके दिवशी टळटळीत दुपारी खिंडीच्या वर धूर दिसला.

आग कुणी लावली, ते आजतागायत कळलेलं नाही. काही लोकांना वाटतं, डोंगर जाळला की पुढच्या साली गवत जोमानं येतं. असल्या लोकांच्या डोक्यात काय येतं ते बघायला त्यांचं डोकंही जाळून बघावं. कुणी म्हणतं, मधाचं पोळं काढणाऱ्याचा टेंभा. धुरपानं ते कधी विचारलंच नाही. "लावणारा कोण का असंना," ती म्हणायची, "तिला वाट कुणी दिली त्येवढं सांगा."

वणवा वारा घेऊन उतरला. कातरवाडीच्या पट्ट्यापाशी आला आणि थांबला. शेवरगावच्या पट्ट्यापाशी आला आणि थांबला. दोन्हीकडं त्याला खायला काही नव्हतं. मग, बघणारे सांगतात, तो सारा वणवा कडेकडेनं सरकत मध्ये गोळा झाला, बांध फुटायच्या आधी पाणी गोळा होतं तसा, आणि त्या तुकड्यातून खाली ओतला. दोन बैलगाड्या जातील एवढ्या जागेतून.

धुरपा मेंढ्या घेऊन खालच्या ओढ्याला होती. धूर बघून ती वर पळत सुटली. वाड्याला पोचली तेव्हा कुंपणाची वरची बाजू पेटली होती आणि कोकरं खालच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढली होती. तिनं वळणीवरची घोंगडी ओढली, ओढ्यात भिजलेल्या लुगड्यानिशी आत शिरली आणि हाताला येईल तेवढी कोकरं घोंगडीत लोटून बाहेर ओढली. पुन्हा आत गेली. तिसऱ्यांदा जायला वाट राहिली नव्हती. रंग्या आतच होता, तो कोकरांना सोडून बाहेर आला नाही. लोकर सहजी पेट घेत नाही, म्हणून ओल्या लुगड्यानं भिजलेली घोंगडी नुसती काठाला करपली. कोकरं जी निघाली ती निघाली. बाकीच्यांचा आवाज तिनं बाहेर उभं राहून ऐकला, आणि मग तोही थांबला.

वाड्याच्या खाली दोन्ही गावांच्या कडब्याच्या आणि गवताच्या गंजी होत्या, त्या साऱ्या गेल्या. पुढं नांगरटीची रानं लागली तिथं आग विझली. गावातल्या एका घराचा वासासुद्धा काळा झाला नाही.

आणि इथं खरा तळतळाट होतो. दुसऱ्या दिवशी देवीच्या माळावर दोन्ही गावं जमली, ती धुरपाला विचारायला नाही. देवीला नारळ फोडायला. का, तर गावं वाचली! हैबती पाटील मिशीला पीळ देऊन सांगत होता, "बघितलासा आमचा पट्टा? ठिणगी आली न्हाई आत." सुभाना पाटील त्याच्यापेक्षा वरच्या आवाजात सांगत होता, "आमच्या पट्ट्याफुडं वणव्यानं हात टेकलं." दोघंही खरं बोलत होते. दोघांचेही पट्टे चोख होते. दोघांनी एकमेकांशी भांडण सोडून त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांना खोबऱ्याचा तुकडा दिला. वर अजून धूर निघत होता.

धुरपा तिथं आली तेव्हा तिच्या हातांना फोड आले होते आणि खांद्यावर ती घोंगडी होती, काठाला करपलेली, कुसळांनी भरलेली. भिजून, वाळून कुसळं लोकरीत पक्की रुतली होती. माळावर होळीसाठी खड्डा खणून ठेवला होता, त्यात ती जाऊन उतरली आणि मांडी घालून बसली.

"शिमगा झाला की बिरू कळप घेऊन माघारी येईल," ती म्हणाली. "त्यो मला इचारंल, कोकरं कुटं हायती. मी काय सांगू? त्यो तुकडा कुणाचा हाय, येवढं एकानं तोंडानं सांगा. तवर ह्या खड्ड्यात दुसरं काय पेटायचं न्हाई."

हैबती हसला. "होळीला अजून वेळ हाय. बसंल बसंल आन उठंल."

ती उठली नाही. रोज दोन्ही गावांतून कुणी ना कुणी समजावायला येई आणि समजावून परत जाई. तिनं कुणाचं खाल्लं नाही. वाचलेली कोकरं खड्ड्याच्या काठाशी तिच्याभोवती ओरडत. पहिल्या दिवशी शेवरगावची एक बाई कोकरांसाठी पाला घेऊन आली, दुसऱ्या दिवशी कातरवाडीच्या दोघीतिघी. त्यांच्या गोठ्यात म्हशी रिकाम्या गव्हाणीला चाटत होत्या, कारण गंजी जळाल्या होत्या. त्या धुरपाशी काय बोलल्या ते पुरुषांना कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही, आमच्याकडच्या बायका सांगत नाहीत.

होळीचा दिवस उजाडला आणि दोन्ही गावांत एकाही घरातून धूर निघाला नाही. साऱ्या बायकांनी चुलीत पाणी ओतलं होतं. त्या काळी काडीची पेटी नव्हती. एका घरचा विस्तव विझला तर शेजारच्या घरून खापरीवर मागून आणायचा. आणि होळी तर घरच्या चुलीच्या विस्तवानंच पेटवायची, चकमकीची ठिणगी देवीला चालत नाही. पुरण शिजलं नाही. हैबती पाटील घरात ओरडला, "विस्तव दे!" त्याची बायको कणगीला पाठ टेकून बसली होती. ती म्हणाली, "सुभाना पाटलाकडं मागा. चूल आपलीच हाय, पर पेटवायची त्येनं." सुभानाच्या घरी तर बायकोनं चूलच फोडून अंगणात ठेवली होती.

दिवस कलायला लागला. खड्डा रिकामा राहून शिमगा गेला तर साऱ्या पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा नाही. शेवटी दोन्ही पाटील माळावर आले. मागं सारी माणसं, आणि त्यांच्या मागं, जरा लांब, साऱ्या बायका.

"काय पायजे तुला?" हैबतीनं विचारलं. "कोकरं देतो. दोघं मिळून देतो."

धुरपा उठून उभी राहिली. आजवर तिनं पाटलाला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"तुजी कोकरं तुज्याजवळ ठेव. तुमी दोगांनी मला सांगितलंत, घोंगडी झटक. म्या झटकली न्हाई. आता तुमी पांघरा. उगड्या अंगावर. दोगं एकातच. आन ह्या टोकापास्नं त्या टोकापतुर पट्टा चालून दावा."

लोक हसले, पण हसू लगेच विरलं, कारण बायकांतलं कुणी हसलं नव्हतं.

त्या दिवशी जे बघायला मिळालं ते बघितलेले लोक म्हातारे होऊन मरेपर्यंत सांगत राहिले. दोन पाटील, अंगरखे काढलेले, पोटं सुटलेली, एका घोंगडीत खांद्याला खांदा लावून. एकानं पाऊल मोठं टाकलं की दुसऱ्याला टोचायचं. दुसरा मागं राहिला की पहिल्याला. ऊन पाठीवर. पुढं धुरपा, मागं दोन गावं. पट्टा चोख होता, पायाखाली एक काडी नव्हती. जे काही कुसळ होतं ते सारं अंगावर होतं. आणि कुसळाची एक खोड आहे, त्याला घाम लागला की ते आपला पीळ सोडतं आणि गिरमिटासारखं आत शिरतं. चमत्कार झाला, घोंगडीतली सारी कुसळं पाटलांच्या अंगाकडं वळली, असं पुजारी सांगतो. आम्ही म्हणतो, घाम आला. पुजारी चिडतो.

तुकड्यापाशी, दोन धोंड्यांच्या मध्ये, धुरपा थांबली. तिथं आता काळी राख होती.

"ह्यो तुकडा कुणाचा?"

"सुभानाचा," हैबती म्हणाला आणि कळवळला.

"हैबतीचा!" सुभाना म्हणाला, आणि तोही.

"उबं ऱ्हावा मग हितंच," धुरपा म्हणाली.

ते उभे राहिले. घाम निथळत होता. हलावं तर टोचे, न हलावं तरी टोचे. खाली मेंढवाड्याची राख दिसत होती, आणि त्या राखेच्या मधोमध कुंपणाच्या खालच्या कोपऱ्यात जो काळा ढीग होता तोही दिसत होता. तिनं मुद्दामच त्यांची तोंडं तिकडं करून उभं केलं होतं. मग हैबती पाटील म्हणाला, आवाज असा की मागच्यांना ऐकू गेला नाही, "माजा."

"माजाबी," सुभाना म्हणाला. "दोगांचा. आमी कापायचा व्हता."

त्या क्षणी कुसळं टोचायची थांबली, असं सांगतात. घोंगडी काढून घेतल्यामुळं थांबली असावीत.

धुरपानं घोंगडी पुन्हा खांद्यावर टाकली आणि ती खाली मेंढवाड्यावर उतरली. तिथं मेंढ्यांच्या लेंड्यांचा जुना ढीग होता. असा ढीग एकदा आतून पेटला की दिवस दिवस धुमसत राहतो. तिनं फोड आलेल्या हातानं तो उकरला, आतला लाल विस्तव खापरीवर घेतला आणि माळावर येऊन दोन्ही पाटलांच्या समोर धरला. दोन गावांत दुसरा विस्तव नव्हता.

"ह्यो घ्या. तुमीच पेटवलेला हाय. फुकट जाऊ देऊ नका."

दोघांनी मिळून खापरी धरली आणि होळी पेटली. त्या साली कुणी बोंब मारली नाही. जाळ नुसता उंच गेला. मग धुरपानं देवीच्या पायरीवर हात ठेवून रीत घातली. पट्टा दोन्ही गावांनी काढायचा, पण कातरवाडीनं शेवरगावचा काढायचा आणि शेवरगावनं कातरवाडीचा, म्हणजे कुणी धोंड्यापाशी थांबायचं नाही. मधला तुकडा सगळ्यांनी मिळून, धनगरांनीसुद्धा. होळीच्या आधी तिच्या वंशातल्या बाईनं ती घोंगडी पट्ट्यावरून फरफटत न्यायची, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. घोंगडीला जेवढी कुसळं चिकटतील तेवढ्यांसकट ती घोंगडी गावच्या कारभाऱ्यानं उघड्या अंगावर पांघरायची आणि होळीभोवती फिरायचं. त्याशिवाय विस्तव नाही.

शिमग्यानंतर बिरू परत आला. त्यानं विचारलं आणि तिनं सांगितलं. तो काय म्हणाला ते कुणी सांगत नाही. दोघं पुढंही तिथंच राहिले, एवढं खरं.

पाटील गेले, पाटीलकी गेली. दोन्ही गावांची मिळून गट ग्रामपंचायत झाली. मग मोठा प्रश्न पडला, घोंगडी कुणी पांघरायची? पाटलांचे वारस म्हणाले, आता कारभार आमच्याकडं नाही. मान सरपंचाला द्या म्हटल्यावर पहिल्या सरपंचानं तो मोठ्या आनंदानं घेतला. त्याला वाटलं, शाल आहे. पंचायतीनं मग वणवा प्रतिबंधक समिती नेमली, वनखात्यानं पाला उडवायचं यंत्र दिलं, शाळेच्या भिंतीवर पोरांनी पेटलेलं हरीण रंगवलं, ते गाढवासारखं दिसतं पण भावना पोचते. हे सगळं चांगलंच आहे. पण माघात पट्टा निघाला की सरपंच स्वतः त्याच्यावरून गुडघ्यांवर रांगत जातो आणि एकेक काडी वेचतो, ते त्या हरणाकडं बघून नव्हे. निवडणुकीत आमच्याकडं कुणी रस्त्याचं, पाण्याचं विचारत नाही. उमेदवार समोर आला की म्हाताऱ्या त्याची पाठ बघून घेतात.

आजही होळीच्या दिवशी दोन्ही गावांत एकही चूल पेटत नाही. आजही माळाच्या वरच्या अंगाला लेंड्यांचा ढीग आधीपासून धुमसत ठेवलेला असतो आणि विस्तव तिथूनच येतो. घोंगडी अर्थात तीच नाही, किती वेळा विणली गेली कोण जाणे, पण प्रत्येक नव्या घोंगडीत जुनीचा करपलेला काठ शिवलेला असतो. ह्या साली ती मायाक्कानं फरफटत आणली. मायाक्का म्हणजे धुरपाच्या वंशातली आजची म्हातारी. तिनं घोंगडी माळावर पसरली, वाकली, बोटानं चाचपत गेली आणि एका जागी थांबली. मग दुसऱ्या जागी थांबली. सारी माणसं पुढं सरकली.

सर्जेराव सरपंचांनी आधीच शर्टाची वरची बटणं लावून घेतली होती. त्यांनी चष्मा वर केला, घोंगडीकडं बघितलं आणि दोन्ही गावांना ऐकू जाईल असं हसले.

"काय मावशे! सारा डोंगर राखला, आन दोन कुसळं दाखवतीस? दोनच तर हायती. तेवढ्यानं काय हुतंय?"

मायाक्कानं घोंगडी उचलली, दोन्ही हातांनी त्यांच्या पुढं धरली.

"घाला की मग. तेवढ्यानं काय हुतंय?"